बायकोला रडवणारं गाणं

ते गाणं तुम्हीही ऐकलं असणार. सोडून गेलेल्या माणसाला उद्देशून म्हटलेलं, आमच्या लहानपणी प्रत्येक रिक्षात वाजायचं. मला ते कधी फारसं आवडलं नाही. पण बायको भाकरी थापत असताना मोबाईलवर ते लागलं की तिचे हात थांबायचे. तव्यावरची भाकरी करपायची. डोळे पुसत ती म्हणायची, "धूर लागला." आमच्याकडे गॅस आहे.

मी जळायचो. दिवसभर दुकानात लोकांचे मोबाईल दुरुस्तीला उघडून बसायचो आणि डोक्यात एकच: कोण असेल तो? लग्नाआधी ती मंद्रूपहून रोज एसटीनं सोलापुरात यायची, शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात. तिथला कुणी असेल, की बसमध्ये हिच्यासाठी जागा धरणारा? मनातल्या मनात मी त्याला मिशीसुद्धा देऊन टाकली होती.

एकदा जेवताना शेजारच्या घरातून ते गाणं ऐकू आलं आणि तिचा घास हातातच राहिला. माझ्याच्यानं राहवेना.

"कोण हुता त्यो?"

"कोण त्यो?"

"ज्याच्यासाठी रडतीस."

तिनं घास ताटात ठेवला. मग म्हणाली, "त्यो न्हाय. ती."

ती म्हणजे शेजारच्या मशीनवर बसणारी मैत्रीण. विणकरांच्या घरातली, तेलुगू बोलणारी. तिनंच हिला तेलुगू शिकवलं. कारखान्यातल्या रेडिओवर हे गाणं लागलं की दोघी मशीन थांबवून मोठ्यानं म्हणायच्या, हसत हसत. तेव्हा दोघींनाही कुणी सोडून गेलं नव्हतं.

"मग काय झालं?"

"तुमचं स्थळ आलं. ती म्हणाली, ह्यो माणूस लई घुमा हाय, तू हसायचं इसरशील. मी म्हटलं, तुला माजं बरं झालेलं बगवत न्हाय. तवापासनं बोलणं न्हाय."

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. क्षणभर वाटलंही. मग जास्तच आग झाली. मिशीवाला असता तर मी त्याला हरवलं, असं तरी म्हणता आलं असतं. इथं तिनं मला निवडलं होतं, मैत्रिणीला सोडलं होतं, आणि तरी रडत होती तिच्यासाठीच. त्या गाण्यातलं माणूस म्हणजे प्रियकर किंवा प्रेयसीच, असं मी उगाच धरून चाललो होतो.

पुढच्या रविवारी मीच गाडी काढली. "चल, भेटून ये."

"तिनं दार न्हाय उगडलं तर?"

"तर परत येऊ की."

दार उघडलं. मैत्रीण आधी चिडून तेलुगूत काहीतरी बोलली, हिनं तेवढ्याच चिडून उत्तर दिलं, आणि मग दोघी गळ्यात पडून रडल्या. मला "या दाजी" म्हणून खुर्ची मिळाली, चहा मिळाला. बराच वेळ त्या बोलत होत्या आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. मध्येच बायको पोट धरून हसली. तसं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

परतताना विचारलं, "एवढं काय बोललात?"

"असंच."

"माज्याबद्दल?"

"तुमचं काय बोलायचं?"

आता बहुतेक रविवारी मीच तिला तिकडं सोडतो. ती उतरते आणि मागं न बघता आत जाते. मी मोकळी गाडी घेऊन घरी येतो आणि तिला आणायला जायची वाट बघत बसतो. भांडावंसं फार वाटतं, पण कशावरून भांडायचं ते सुचत नाही.