कागदामागची नावे

काही तपास विसरायचे म्हटले तरी विसरता येत नाहीत. हा त्यांतला एक. पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर मी चार वर्षे कतारमध्ये, हमद पोर्टजवळच्या एका कंपनीत सुरक्षा अधिकारी होतो. अंगावर वर्दी नव्हती, पण चौकशीची सवय सुटली नव्हती.

एका सकाळी क्रेनला माल बांधणारा एक फिलिपिनो कामगार केबिनमध्ये आला. त्याच्या लॉकरमधला कागद चोरीला गेला होता. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी त्याचा मुलूख व्यापला, तेव्हा सैनिकांनी त्याच्या आजोबांना गावाबाहेर खड्डे खणायला लावले. त्यांत लुटीचे सोने पुरले, असे गावात आजही बोलतात. आजोबांनी त्या जागेचा नकाशा वहीच्या पानावर काढून ठेवला होता.

"कोणाला दाखवला होता?"

"फक्त एका मित्राला, सर."

हा मित्र म्हणजे आमच्याकडचा सांगलीचा एक फिटर. येत्या सुट्टीत दोघे मिळून फिलिपिन्सला जाणार होते.

दुपारी खबर आली. देणारा फिटरच्याच खोलीतला, त्याच्याच तालुक्यातला वेल्डर. दार लावून घेत तो हळूच म्हणाला, "साहेब, त्याच्याशिवाय कोण घेणार? झोपेतबी सोनं सोनं करतोय. माझं नाव मात्र सांगू नका."

फिटरला बोलावून तासभर उलटसुलट विचारले. प्रकरण कतारच्या पोलिसांकडे गेले की नोकरी खलास, हे त्याला ठाऊक होते. तरी जबाब बदलला नाही.

"साहेब, त्यो मला संगं नेणारच होता. मी कशाला चोरू?"

त्याचे म्हणणे पटण्यासारखे होते. मी वेल्डरला पुन्हा बोलावले. "कागद दिसायला कसा आहे? झडतीत ओळखता आला पाहिजे."

"पिवळा पडलाय. एका अंगाला नकाशा, मागं नावं लिहिलीत."

नावांचे मला कोणी सांगितले नव्हते. मी फिलिपिनोला फोन लावला. मागची बाजू त्याने फिटरलाही दाखवली नव्हती. खणायला नेलेल्या आणि परत न आलेल्या माणसांची ती नावे होती. त्यांत आजोबांचा सख्खा भाऊ होता.

"सोने मिळो न मिळो, सर," तो म्हणाला. "मला ती जागा पाहायची आहे."

फोन ठेवून मी वेल्डरला विचारले, "मागची नावे तू कधी वाचलीस?"

त्याने वाकून बूट काढला आणि आतली घडी टेबलावर ठेवली.

"सोन्यासाठी केलंस?"

"सोनं काय करायचंय, साहेब. सहा वर्षं मी आन् फिटर एका ताटात जेवलो. माझ्या बहिणीच्या लग्नाला ह्याला सुट्टी मिळाली न्हाई. आता त्या फिलिपिनोबरोबर खड्डं उकरायला मिळाली. मला नुसतं विचारलंसुदिक न्हाई."

कागद मिळाल्यावर फिलिपिनोने तक्रार मागे घेतली. फिटरने खोली बदलून घेतली. सुट्टीत तो आणि फिलिपिनो जाऊन आले. खणायची परवानगी मिळाली नाही. त्या माळावर मेणबत्त्या लावून परतले. फिटर मेसमध्ये सगळ्यांना फोटो दाखवत होता. वेल्डर दोन टेबले पलीकडे मान खाली घालून जेवत होता.

त्या दिवशी तासभर मी फक्त सोन्याबद्दल विचारत राहिलो होतो. खरे तर मला आधी कळायला हवे होते. पोलीस खात्यात बरोबरचा एक अधिकारी बढतीत माझ्या पुढे गेला, तेव्हा त्याच्याविरुद्धचा निनावी अर्ज मी दोनदा वाचला होता आणि तो खरा निघावा असे मला मनापासून वाटले होते. आता कोणी खबर आणली, तर समोरच्याने काय चोरले हे मी नंतर विचारतो. खबर देणाऱ्याचे काय हरवले आहे, ते आधी पाहतो.