आउटरला उभं विमान

विमानाच्या इंधनाचा रॉकेलसारखा वास आला की मला लखनौची ती दुपार आठवते. आईचं ऑपरेशन होतं, आत नेण्याआधी तिला मला बघायचं होतं, म्हणून मी पहिल्यांदाच विमानाने निघाले. विमान वेळेवर उतरलं, पण टर्मिनल समोर दिसत असताना मध्येच थांबलं. पायलट म्हणाले, "सारी पार्किंग भरी है, ग्राउंड कंट्रोल ने रुकने को कहा है." मागून कोणीतरी ओरडलं, "भैया, पैदल ही उतार दो!" सगळे हसले, मला हसू आलं नाही. मी हॉस्पिटलात आईजवळ असलेल्या बाबांना फोन केला. ते रेल्वेत पॉइंट्समन, गाड्यांचे रूळ बदलणारे. "उतरलीस ना? मग ये की!" मी चाचरत म्हणाले, "जागा नाही बाबा, उभं केलंय." "अच्छा, आउटरला घेतलंय," ते म्हणाले; फलाट रिकामा नसला की गाडी स्टेशनाबाहेरच्या सिग्नलला थांबवतात, त्याला ते आउटर म्हणतात. आणि घाईने तिकडे वळून डॉक्टरांना सांगू लागले, "साहब, बिटिया आ गई, बस आउटर पे खड़ी है." डॉक्टरांना वाटलं, मी रेल्वेने येतेय. "आउटर पे? फिर तो घंटा भर लगेगा," ते म्हणाले, आणि आईला आत नेलं. आई आता बरी आहे. पण बाबा अजून मध्येच विचारतात, "मी दुसरं काय म्हणायला हवं होतं गं?"