पहाड्या मलाच पाहिजे

आता तुम्ही विचारलंच आहे तर सांगतो, पण एक अट आहे. मध्ये कोणी हसलं, तर मी कप खाली ठेवून उठून जाईन. माझं डोकं आधीच तापलेलं आहे.

बुलढाण्यात आम्ही तिघं येडे आहोत. लोकांना क्रिकेटचं वेड असतं, आम्हाला सायकलच्या शर्यतींचं. त्याही इथल्या नाही, युरोपातल्या. तिकडे फ्रान्समध्ये गडी तीन-तीन आठवडे डोंगर चढतात आणि इकडे मोबाईल बघताना घाम आम्हाला फुटतो. एक मी, सरकारी कचेरीतला काळेबाबू. दुसरे देशमुख सर, शाळेत पीटी शिकवून रिटायर झालेले. तिसरा सलीमभाई. त्याचं सायकलचं दुकान आहे, आणि हा माणूस पंक्चर काढता काढता इटलीतला कोणता घाट किती उभा आहे ते तोंडपाठ सांगतो.

दर जानेवारीत, शर्यती सुरू व्हायच्या आधी, आम्ही त्याच्या दुकानात बसून टीम पाडतो. जगभरच्या खेळाडूंतून प्रत्येकाने पाच गडी निवडायचे. वर्षभर ते जिंकतील तसे आपल्याला गुण. हंगाम संपल्यावर जो शेवटचा येईल, त्याने सलीमभाईची काळी, दांड्याची, बिनगिअरची सायकल घेऊन राजूर घाट चढायचा. बाकीचे दोघं मागून गाडीत.

मागच्या हंगामात शेवटचा कोण आला? बघा, आत्ताच तुमच्या तोंडावर हसू आलं.

हो, मीच. वय बावन्न, पोट पुढे, आणि मागे गाडीच्या खिडकीतून सरांचं डोकं बाहेर. "काळे, मान खाली. काळे, पाणी प्या. काळे, वळणावर जोर लावा." अरे, मी काय तुमच्या शाळेतला आहे का? सलीमभाई व्हिडिओ काढत होता. अर्ध्या घाटात उतरून मी सायकल ढकलायला लागलो, तर कठड्यावरची माकडंसुद्धा खाणं सोडून बघत बसली. तो व्हिडिओ कचेरीत आमच्या मोठ्या साहेबांनी दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा स्टाफला बोलावून.

हे सगळं कोणामुळे? पहाड्यामुळे. त्याच्या खऱ्या नावात जीभ चार ठिकाणी अडकते, म्हणून आम्ही त्याला पहाड्या म्हणतो. डोंगर दिसला की तो सुटलाच. हा हिरा मागच्या वर्षी सरांच्या टीममध्ये होता. एकट्याने सरांना वर नेलं आणि मला घाटात.

घरी आलो, पाय गरम पाण्यात सोडले आणि रागारागात आमच्या ग्रुपमधून बाहेर पडलो. शर्यतीचं ॲप काढून टाकलं. बायकोला बजावलं, "जानेवारीपर्यंत या घरात सायकलचं नाव निघता कामा नये." आणि तीन महिने मी पाळलं बरं का. रस्त्यात सायकल दिसली तरी मान फिरवत होतो.

जानेवारी उजाडला. मी दुकानात गेलो तो दात-ओठ खाऊनच. पुन्हा घाट चढणार नाही, काय वाटेल ते होवो. चिठ्ठ्या टाकल्या, पहिली पाळी सरांची निघाली. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "सर, यंदा पहाड्या मलाच पाहिजे."

सर म्हणाले, "घ्या न. मले नाही पाह्यजे."

आता सांगा, राग येणार नाही का? ज्याच्या जिवावर वर्षभर मिरवलात, तो असा जुना सदरा दिल्यासारखा देऊन टाकायचा?

"सर, मला भीक नको. माझ्या पहिल्या दोन पाळ्या तुम्ही घ्या, बदल्यात पहाड्या द्या."

"अहो काळे, काऊन चिडून राह्यले? तसाच घ्या म्हणतो न मी."

"तसाच नको. दोन पाळ्या घ्याव्याच लागतील."

सलीमभाईने हातातला पाना खाली ठेवला. "काळेबाबू, आयका त खरं. तो पहाड्या त..."

"सलीमभाई, तुम्ही मध्ये पडू नका."

"अवो, पन त्यानं..."

"त्याचं वय झालं, हेच ना? माझ्यासमोर कोणाचं वय काढायचं नाही."

"वयाचं नाही म्हणत मी. त्यानं दिवाळीच्या..."

"एक शब्द नको."

सलीमभाईने सरांकडे पाहिलं. सरांनी खांदे उडवले आणि चहात बिस्कीट बुडवलं. मला वाटलं, घाबरले. माझा हा अवतार पाहून दोघांची बोलती बंद झाली म्हणून मी मनातून खूश.

मग मी कागद काढला. बाबू माणूस आहे मी, तोंडी बोलण्यावर माझा विश्वास नाही. स्वतःच्या अक्षरात लिहिलं: "गडी पडो, आजारी पडो, की आणखी काही होवो, एकदा झालेली निवड कायम राहील. तक्रार ऐकली जाणार नाही." दोघांना म्हटलं, करा सह्या. केल्या की त्यांनी झटक्यात. सरांनी तर वाचलंसुद्धा नाही. वर मी तिघांसाठी कचोरी मागवली.

घरी येऊन बायकोला सगळा पराक्रम सांगितला. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "पहाड्या? तो डोंगरावरचा? अहो, त्यानं त सायकल सोडली न."

"सोडली म्हणजे?"

"रिटायर झाला म्हणते मी. दिवाळीच्या आधीच. देशमुख वहिनी सांगून राह्यल्या होत्या, सरच्या डोळ्यात पाणी आलं म्हणे."

"आणि हे तू मला आत्ता सांगतेस?"

तिने मेथीतून मान वर केली. "तुम्हीच म्हणले होते, घरात सायकलचं नाव काढाचं नाही. मी एकदा तोंड उघडलं, त केवढ्यानं खेकसले होते माझ्यावर."

आता हिच्यावर चिडायचं तर कोणत्या तोंडाने? मोबाईल उघडला. खरंच, हातात गुच्छ, कडेवर मुलगी, हसतोय लेकाचा. खाली हजारो लोकांच्या शुभेच्छा. मी तिथेच मराठीत लिहिलं, "असा मध्येच हात वर करून जातं का कोणी? ज्यांनी तुझ्यावर भरवसा ठेवला त्यांनी काय करायचं?" संध्याकाळपर्यंत त्याने माझ्या त्या ओळीला लाल बदाम दिला होता. त्याला वाटलं असेल, भारतातून आशीर्वाद आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी शटरपाशी हजर. आवाज शक्य तितका मऊ केला. "सलीमभाई, काल जरा घाईच झाली. पुन्हा बसू या का?"

सलीमभाईने शटर वर केलं. माझा कागद हवेच्या पंपाच्या वर, भिंतीला खिळ्याने ठोकलेला. त्याने त्यावर बोट ठेवून सावकाश वाचलं, "की आनखी काही होवो." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाबू, मी तीनदा सांगून राह्यलो होतो. तुम्ही आयकूनच नाही घेतलं. कागद पन तुमचाच, अक्षर पन तुमचंच."

तेवढ्यात सरही फिरत फिरत दुकानात आले. मी त्यांच्याकडे पाहिलं. म्हटलं, निदान पीटीचा मास्तर, खेळाडू वृत्ती दाखवेल. माझ्या सोडलेल्या पाळ्यांवर त्यांनी यंदाची दोन सगळ्यात तगडी पोरं उचलली होती. माझ्याकडे चार उरलेसुरले आणि एक रिटायर.

"सर, तुम्हीच सांगा, हे बरोबर आहे का? माझ्या टीममध्ये डोंगर चढणारा एकही गडी राहिला नाही."

"असं कसं? एक हाये न," सर म्हणाले.

मी आशेने विचारलं, "कोण?"

सरांनी चष्मा वर केला, माझ्या पायांकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणाले, "आतापासून रोज थोडं थोडं चढत जा."