हेल्मेटशिवाय मोहाजवळ जाऊ नये

भिलाईत ज्या कोणाच्या नव्या घराचा जिना वाकडा असेल, स्वयंपाकघर तिरपं असेल किंवा सज्ज्याला मधोमध भोक पाडून त्यातून झाड वर गेलं असेल, त्या घराला कधी ना कधी माझ्या ताईच्या सासऱ्यांचे, म्हणजे काकाजींचे, पाय लागले होते असं खुशाल समजावं. त्यांची उभी नोकरी स्टील प्लांटच्या सेफ्टीत गेली. हेल्मेट घाला, बूट घाला, दोरीच्या आत येऊ नका, असं ओरडण्याचा पगार त्यांना मिळत असे. निवृत्त झाल्यावर ओरडायला कोणी उरलं नाही, तेव्हा त्यांनी झाडं धरली. घराचा नकाशा मंजुरीला टाकायचा तर प्लॉटवरची झाडं त्यात दाखवावी लागतात. ते काम काकाजी ओळखीच्या एका आर्किटेक्टसाठी हौसेने करू लागले. छातीच्या उंचीवर टेप गुंडाळून बुंध्याचा घेर घ्यायचा, नंबर रंगवायचा, फांद्यांचा पसारा जमिनीवर चुन्याने आखायचा, एवढं कोणीही करतं. काकाजी त्यानंतर झाडाभोवती एक फेरी मारून बुंध्यावर थाप देत आणि झाड तोडायला निघालेल्या मालकाला सांगत, "हे ठणठणीत हाय. तुमचंच बीपी वाढलेलं दिसते."

माणूस हाडाचा सेफ्टीवाला. ताईच्या स्वयंपाकघरात शेगडीपुढे पिवळी रेघ होती आणि ती ओलांडून नातवंडांनी पोळी मागितली तर पोळी मिळत नसे. ताईच्या लग्नात वधूवरांवर फुलं टाकायची वेळ झाली आणि नवरदेवाचे वडीलच सापडेनात. ते मंडपामागे वायरिंग तपासत होते. "जोडी काई पळून नाई जात," ते सावकाश येत म्हणाले, "पण मंडप पेटला असता तं तुमी सारे पळाले असते!"

असा माणूस भिलाईतल्याच रिसालीत आम्ही घर बांधायला घेतलेल्या प्लॉटवर अवतरला, कारण तिथे अगदी दर्शनी बाजूला मोहाचं एक थोराड झाड होतं. मला तिथे गाडी उभी करायची होती. आई भंडाऱ्याकडची, लहानपणी पहाटे मोह वेचायला जायची आणि नंतरचं सगळं आयुष्य तिने क्वार्टरमध्ये काढलं. तिने एका वाक्यात माझी गाडी बाहेर काढली. "झाड राहीन तं मी येईन, नाई तं तू राह्य तुह्या घरात."

काकाजींना एवढं पुरे होतं. फांद्या जिथवर पोचतात तिथवर त्यांनी लाकडी बल्ल्या रोवून पत्र्याचं कुंपण घातलं. अर्धा प्लॉट त्यातच गेला. वाळूचा ट्रक रस्त्यावर रिकामा करावा लागला, शेजारी भांडले, मिस्त्री रुसला. पण मुलीच्या सासऱ्याला नाही म्हणायची आमच्यात सोय नाही. कुंपणावर लाल अक्षरांत पाटी लागली, 'हेल्मेटशिवाय मोहाजवळ जाऊ नये.' काम सुरू होण्याआधी रोज सकाळी मिस्त्री, मजूर, रेजा म्हणजे मजूर बायका, सगळे रांगेत उभे राहत आणि काकाजी विचारत, "जड़ कहाँ तक?" सगळे एका सुरात ओरडत, "जहाँ तक छाँव, वहाँ तक पाँव!" आईचा आवाज त्यात सगळ्यांत मोठा असे.

आणि नेमके काकाजी एका लग्नासाठी नागपूरला गेले तेव्हा घात झाला. संडासाच्या टाकीचा खड्डा खणायला आलेल्या जेसीबीने कुंपणाचा कोपरा उडवला आणि मांडीएवढं जाड मूळ उपटून काढलं. परत आल्यावर काकाजी ओरडतील म्हणून आम्ही सगळे लपायच्या बेतात होतो. ते ओरडले नाहीत. त्यांनी झाडाखाली खुर्च्या मांडून रीतसर चौकशी बसवली, जेसीबीवाल्याला आधी पाणी दिलं, त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि मग स्वतःच गुडघ्यांवर बसून जखमेवर माती, ओलं पोतं दाबत राहिले.

थंडी सरली आणि पानं गळू लागली. आता या दिवसांत मोह तसाही उघडाबोडका होतो. त्यामुळे झाड मरतंय की नेहमीसारखं झडतंय, हे कोणालाच सांगता येईना. काकाजी रोज येऊन नखाने फांदीची साल खरवडत. "इहीनबाई, हिरवं दिसते ना?" चष्मा घरी विसरलेली आई ठामपणे म्हणे, "दिसते!" इकडे भाऊजींची पुण्याला बदली झालेली, सामान गेलेलं, काकाजींनी सोबत यावं म्हणून ताई फोनवर रडकुंडीला आलेली. काकाजींचं एकच, "पेशंट टाकून कसा येऊ?"

एका सकाळी मी प्लॉटवर पोचलो तर आईचा पदर मोहाच्या फुलांनी भरलेला आणि काकाजी ती फुलं पेढ्यांसारखी वाटत सुटलेले. मिस्त्रीला दिली, भांडलेल्या शेजाऱ्यांना दिली, जेसीबीवाल्याला फोन करून बोलावून घेतलं आणि त्याच्या तोंडात स्वतःच्या हाताने फूल घातलं. "पास झालं, बे!" ते ओरडत होते. इतका आनंद त्यांना मुलाच्या नोकरीचाही झाला नव्हता, असं ताई म्हणते.

पुण्याचं तिकीट निघालं. जायच्या दिवशी पिशवी घेऊन ते प्लॉटवर आले आणि वाळूच्या ढिगावर बसले ते उठेचनात. ऑटोवाला हॉर्न वाजवू लागला. मी म्हटलं, "काकाजी, गाडी चुकेल."

"रिलीव्हर कोठी हाय?" ते झाडाकडे बघत म्हणाले. "रिलीव्हर आल्याबिगर पोस्ट सोडता येत नाई, बाबू."

प्लांटमध्ये हा नियमच आहे. पुढच्या पाळीचा माणूस समोर येऊन उभा राहिल्याशिवाय आधीच्याने जागा सोडायची नाही, मग कितीही उशीर होवो. मी काही बोलायच्या आत आई पुढे झाली.

"मी आली ना, इवाईबुवा. जा तुमी."

"चार्ज घेतला?"

"घेतला."

ते उठले. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच त्यांचं वय दिसलं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. ऑटो वळणाआड गेली तरी आई तिथेच उभी होती. मी म्हटलं, "चल आई, घरी जाऊ."

"तू जा," ती वाळूच्या ढिगावर बसत म्हणाली. "माहा रिलीव्हर अजून आला नाई."

मी चपला काढल्या आणि तिच्याशेजारी वाळूत बसलो.