शिडाचं पोट

जमिनीवर पसरलेल्या कॅनव्हासवर म्हातारा गुडघे टेकून खडूने रेघ ओढत होता, आणि रेघ वाकडी येत होती. सून दारातून बघत होती. बारा वर्षं लोकांचे ब्लाऊज शिवलेल्या तिला वाकडी कड घासात आलेल्या खड्यासारखी लागे.

शीड कापायचं सासऱ्याने, शिवायचं सासूने, अशी चाळीस वर्षांची वाटणी. सासू गेल्यावरचं हे पहिलंच शीड. त्यात बाबांची नजर अधू झालेली. होडीवाला तोंडावर सांगून गेला होता, "या खेपेला जमलं तर ठीक. नाहीतर मी कारखान्यातून तयार घेईन."

आठ पट्ट्या कापून ठेवून, जेवून बाबांचा डोळा लागला तशी तिने कात्री उचलली. आठही पट्ट्यांच्या फुगीर कडा छाटून सरळ केल्या आणि दोन दिवसांत शीड शिवून टाकलं. बिचाऱ्यांना नीट दिसत नाही, हे कुणाला कळायला नको.

धक्क्यावर शीड चढवलं. वारा छान होता, पण शीड पत्र्यासारखं सपाट राहिलं. होडी जेमतेम सरकली.

"त्यापेक्षा दारच टांगायचं होतं की!" शेजारच्या होडीतून कुणीतरी हसलं.

बाबांनी शिवणीवरून अंगठा फिरवला. सावकाश, हात पोचेल तिथपर्यंत. एकदा सुनेकडे पाहिलं. मग होडीवाल्याला म्हणाले, "माझाच हात चुकला. वय झालं. तू आपला कारखान्यातून घे."

"खोटं सांगतायत," सून म्हणाली. तिचे कान तापले होते. "कडा मी छाटल्या. मला वाटलं, रेघ चुकली."

"अगं, ती गोलच हवी," बाबा म्हणाले. "त्यानेच कापडाला पोट येतं. पोट असेल तर वारा होडीला ओढतो. तुझ्या सासूनेही पहिल्यांदा हेच केलं. तीन दिवस मी तिच्याशी बोललो नव्हतो."

"मग?"

"चौथ्या दिवशी तिने वाढणं बंद केलं. मग बोललो."

होडीवाला हसू दाबत म्हणाला, "आता याचं काय करायचं?"

"उसवायचं. परत शिवताना पट्टीच्या टोकांना कापड जास्त आत घ्यायचं, मध्ये कमी. शीड जरा लहान होईल, पण पोट येईल."

"म्हणजे ब्लाऊजला टक्स घालतो तसं?" सून पटकन बोलून गेली.

बाबा एकदम पाण्याकडे बघू लागले. "असेल बाई. ते मला काय ठाऊक."

"चार दिवस देतो," होडीवाला म्हणाला.

घरी तिने उसवायला घेतलं. बाबांनी सासूची मेण लावलेल्या दोऱ्याची रिळं तिच्यापुढे ठेवली आणि स्वतः दुसऱ्या टोकाला बसून, अंगठ्याने टाका शोधत, उसवू लागले.