रेडिओवरची मोड

किस्से कुणी गोळा करत नाही, ते आपोआप साठतात. दुकानाच्या कोपऱ्यात मोड साठते तसे. मग कुणीतरी चहाच्या वेळी म्हणतं, "दत्ताभाऊ, ते काकाचं पातेलं सांगा की." एक भांडं ओढायला जावं, तर वरची चार गडगडत अंगावर येतात.

मोड म्हणजे जुनं, पोचलेलं, गळकं भांडं. ते दुकानात द्यायचं आणि नवं घ्यायचं. नारायणगावात कांतीशेठच्या भांड्यांच्या दुकानात मी बसतो. माझं काम नव्या भांड्यांवर नावं टाकायचं. 'चि. सौ. कां. अमकी हिस मावशीकडून सप्रेम भेट.' अर्ध्या तालुक्याची नाती माझ्या हाताखालून गेलीत, त्यामुळं मी कुणाला फारसा घाबरत नाही.

कांतीशेठचे आजोबा मारवाडातून आले. शेठचा जन्म इथलाच, आणि बोलणं आमच्यापेक्षा अस्सल. मोबाईल नुकते लोकांच्या खिशात आले होते, त्या दिवसांत एका संस्थेला छोट्या रेडिओचा परवाना मिळाला. संस्थेची इमारत होईपर्यंत स्टुडिओ शेठच्या माळ्यावर आणि टॉवर छपरावर. आवाज बोरी बुद्रुकपर्यंत खणखणीत जायचा, त्यापुढं नुसती खरखर.

पुण्याहून मुग्धा मॅडम आल्या. चित्रं आणि शिल्पं शिकलेल्या. त्यांनी ठरवलं, दर गुरुवारी चार वाजता टाकून दिलेल्या वस्तूंचा कार्यक्रम करायचा. वस्तू वाजवायची आणि तिची हकिगत सांगायची. मोड खाली आयती होती. भांड्यांवरची नावं वाचायला मी होतो.

पहिल्याच दिवशी मॅडमनी मोडीतनं एक पितळी घंगाळ उचललं, त्याला निळा ऑइलपेंट फासला आणि कडीला दोर बांधून माळ्यावर टांगलं. ते वाजलं की कार्यक्रम सुरू. मी म्हटलं, "मॅडम, पितळेला कुणी रंग देतं का?"

"दत्ताभाऊ, टाकलेल्या वस्तूला नवी ओळख द्यायची असते," त्या म्हणाल्या. शिकलेल्या माणसाशी मी वाद घालत नाही.

* * *

पहिल्या गुरुवारी मॅडमनी बोलणं ठेवलंच नाही. अर्धा तास नुसते आवाज. पत्र्यावर साखळी, डब्यात खिळे, फुटक्या घमेल्यावर खराटा. मॅडम डोळे मिटून ऐकत होत्या. मीही मिटले, पण मला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी बोरीतून फोन आला. तिथला रेडिओ दुरुस्तीवाला बोलत होता. काल चारनंतर त्याच्याकडं सात जण रेडिओ घेऊन आले. सगळ्यांची तक्रार एकच, आतून काहीतरी सुटलंय.

"लई उपकार झाले राव," तो म्हणाला. "पुढचा कार्यक्रम कवा हाये? त्या दिवशी दुकान उघडं ठेवतो."

* * *

आवाज घुमू नये म्हणून मॅडमनी भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवले. सगळा टाकाऊ माल, फुकटात मिळालेला. मॅडम खूश. आणि कांतीशेठच्या घरात कांदासुद्धा चालत नाही, हे त्यांना सांगायचं मीच विसरलो. म्हणजे, खरं सांगायचं तर, मला बघायचं होतं काय होतं ते.

शेठ जिना चढून आले. चारी भिंती पाहिल्या, छत पाहिलं.

"शेठ, यात अंडी नाहीत हो," मॅडम घाईघाईनं म्हणाल्या. "रिकामे आहेत."

"ते दिसतंय मला," शेठ म्हणाले. "पण आईला काय सांगू? खाऊन झाली म्हणून?"

संध्याकाळपर्यंत ट्रे गेले आणि भिंतींना जुन्या वाकळा आल्या. बोरीतल्या, मंचरच्या, शेठच्या स्वतःच्या घरातल्या. आवाज झकास यायला लागला. फक्त पाहुण्यांना बोलता बोलता जांभया यायच्या.

* * *

हौसाबाई आली ती महिनाभरानं. मढहून. मढ कुठं आणि नारायणगाव कुठं, तिथं तर आमचा रेडिओ खरखरतसुद्धा नाही. पण एसटीत कुणीतरी तिला सांगितलं, की नारायणगावात मोडीतल्या भांड्यांची नावं वाचतात. सत्तरी ओलांडलेली, डोळ्यांत मोतीबिंदू, अक्षरओळख नाही, आणि तोंड मात्र माझ्यापेक्षा चालू.

"माझं घंगाळ हुडकायचंय," पायरीवर बसत ती म्हणाली. "म्या लेकीकडं गेल्ये व्हते, तवर थोरल्यानं मोडीत घातलं आन स्टीलचं पिंप आनलं. कोनत्या दुकानात घातलं, ते बी त्या गाढवाला आठवना."

"मावशी, दुसरं घ्या की. पितळी घंगाळं पडलीत इथं."

"घंगाळ कुनाला पायजे? त्याच्यावर माझं माहेरचं नाव हाये." मग जरा खाली आवाजात म्हणाली, "माहेर बोरीचं. मामानं लग्नात दिलं त्ये. सासरी आल्यावर नाव बदललं, हौसा ठिवलं. आईबाप गेलं, भाऊ गेला. आता त्ये नाव दुसरं कुटंच न्हाई."

मला बाईची कीव आली, हे कबूल करतो. मी म्हटलं, "नाव काय होतं? सांगा, लगेच शोधतो."

ती माझ्या नावं टाकायच्या मशीनकडं बघत राहिली.

"तुला सांगू व्हय? म्या नाव सांगनार, आन तू कुटल्याबी घंगाळावर टाकून मला देनार. वळखायची खूनबी न्हाई सांगायची. तू वाच. माझं आलं, की म्या सांगंन."

वीस वर्षांत माझ्या धंद्याची एवढी बारीक पारख कुणी केली नव्हती.

तेव्हापासून दर गुरुवारी बाई हजर. मोडीतनं निघालेली घंगाळं मी पुढं ठेवायचो. ती काठावरनं हात फिरवायची, मी नाव वाचायचो, ती म्हणायची, "न्हाई." मग दुकानातल्या रेडिओवर कार्यक्रम ऐकायची आणि साडेपाचच्या गाडीनं परत. 'वर चला' म्हटलं, तर म्हणायची, माझं गुडघं काय मोडीत घालायचंत का?

मोड भट्टीला न्यायला महिनाअखेरीला टेम्पो यायचा. शेठ वरकरणी कुरकुरायचे, "ही बाई माझं दुकान अडवून बसणार राव." पण टेम्पो आला, की घंगाळं बाजूला काढून ठेवायचे. विचारलं तर म्हणायचे, सध्या भाव नाही.

* * *

काकाचं पातेलं असंच एका गुरुवारी निघालं. मी रेडिओवर वाचलं, "चि. सौ. लता हिस काकाकडून सप्रेम भेट." गाव वाचायचं नाही, असं शेठनी बजावलं होतं. मोडीचं नाव बाहेर गेलं तर दुकानाची अब्रू जाते म्हणायचे. मी गाव वाचलं नाही. पण काकाला काय, आपली पुतणी कोणती ते ठाऊक असतं.

अर्ध्या तासात काका बोरीहून मोटारसायकलवरून हजर. फेटा सुटलेला. "माझी भेट मोडीत? कुटं हाये पातेलं?" त्यांनी ते मोडीच्या भावानं सोडवलं, बगलेत मारलं आणि तसेच पुतणीच्या घरी गेले. चार माणसं जमवली. पातेलं तिच्यापुढं आपटलं.

लता काही हलली नाही. "काका," ती म्हणाली, "जरा उपडं करा की. बुडाला काय लिवलंय?"

चार माणसांनी पातेलं उजेडात धरलं. बुडाला जुनं नाव घासलेलं होतं, पण नीट घासलेलं नव्हतं. काकांच्याच लग्नात त्यांच्या मेव्हण्यानं दिलेलं ते पातेलं. आणि मेव्हणा त्या चार माणसांतच उभा होता.

ते नाव घासायचं काम माझ्याकडंच आलं होतं. घाईघाईत केलं होतं. मी आठवडाभर बोरीच्या बाजूला फिरकलो नाही.

हौसाबाईला हे सांगितलं, तर पोट धरून हसली. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "म्हंजे तू घासतोस बी?" त्या दिवसापासून तिनं माझ्या हातचा चहा घ्यायचं बंद केलं. शेठकडून मागायची.

* * *

एकदा शेजारच्या गावच्या सरपंचांना बोलावलं. विषय, गावची स्वच्छता. ग्रामसेवकानं भाषण लिहून दिलं होतं, तेही पाठकोऱ्या कागदावर. मॅडमना फार कौतुक वाटलं. टाकाऊ कागदाचा वापर, बघा.

सरपंच तालात वाचत होते. कचरा वेगळा करा, प्लास्टिक जाळू नका. कागद संपला, त्यांनी उलटला आणि त्याच तालात पुढं सुरू केलं. मागच्या बाजूला पंचायतीत आलेला कुणाचा तरी अर्ज होता.

"तरी सरपंचांनी स्वतःच्या घरासमोर रस्त्यावर जो उकिरडा केला आहे, तो त्यांना त्वरित हटवण्यास सांगावे, ही नम्र विनंती."

वाचून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. वर लाल दिवा चालू. थेट प्रसारण. सरपंच पण मुरलेला गडी. घसा खाकरून म्हणाले, "या सूचनेचा मी स्वीकार करतो."

पुढच्या गुरुवारी उकिरडा खरंच गेलेला होता. आमच्या कार्यक्रमानं गावात झालेली तेवढी एकच सुधारणा.

* * *

वर्ष संपलं. मॅडमचा शेवटचा गुरुवार आला. दुसऱ्या दिवशी त्या पुण्याला जाणार होत्या, टांगलेलं सामान मोडीत परत जाणार होतं, आणि त्याच दिवशी भट्टीचा टेम्पो. शेठ म्हणाले, "आता घंगाळं किती दिवस अडवू राव? बाईला काहीतरी सांगा." कुणी सांगायचं, यावरच आमचं सकाळभर अडलं. शेवटी कुणीच सांगितलं नाही.

मॅडमनी सगळ्यांना वर बोलावलं होतं. हौसाबाई पहिल्यांदाच जिना चढली, माझ्या खांद्यावर सगळा भार देऊन आणि प्रत्येक पायरीला मला शिव्या देऊन. वर शेठ होते, मॅडम होत्या, वाकळांचा वास होता. लाल दिवा लागला. मॅडमनी निळं घंगाळ वाजवलं.

बाई उठली. झुलणारं घंगाळ तिनं हातानं थांबवलं. बोटं काठाखालून फिरली आणि एका जागी थांबली.

"ह्यो पोचा थोरल्यानं पाडला," ती म्हणाली. "नारळ फोडाय गेला व्हता ह्याच्यावर."

तिनं नखानं रंग खरडून पाहिला.

"ह्याला निळं कुनी केलं?"

शेठनी मॅडमकडं पाहिलं. मॅडमनी जमिनीकडं. गेले अकरा महिने बाई दर गुरुवारी खाली बसून हेच घंगाळ रेडिओवर ऐकत होती, आणि आम्ही खाली पोत्यांतनं तेच शोधत होतो. मला माझीच लाज वाटली.

मी थिनर आणि फडकं घेऊन बसलो. रेडिओवर नुसता घासण्याचा आवाज जात होता. आधी 'मामाकडून' निघालं. ठिपक्याठिपक्यांची, छिन्नीनं टाकलेली अक्षरं, माझ्या उस्तादाच्याही आधीची. मग वरची ओळ निळ्यातनं दिसायला लागली. मी वाचायला तोंड उघडलं, तर बाईनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

"थांब. म्या सांगते. तू निस्तं बग, बरुबर हाये का."

तिनं दोन्ही हात घंगाळावर ठेवले. नाव सांगितलं नाही. हाक मारली, लांबून पोराला मारावी तशी.

"गजरे, ए गजरेऽ! दिवं लागलं गं. घरला ये."

मग पदरानं नाक पुसून म्हणाली, "आई आशी हाक मारायची. बग आता, बरुबर हाये का."

मी बघितलं. गजरा. बरोबर होतं. पण नावं वाचणाऱ्या मला ते काही केल्या वाचता येईना. मी नुसती मान हलवली. मॅडम रडायला लागल्या. शेठ भिंतीकडं तोंड करून वाकळ सारखी करत होते, सारखी असलेली.

तेवढ्यात फोन वाजला. मी उचलला. पलीकडं एक म्हातारी बाई होती, तिच्यामागं आमचाच रेडिओ लागलेला.

"बोरीहून बोलत्ये. आत्ता गजरी बोलली का? आमच्या आळीची गजरी?"

"होय," मी म्हटलं. "इथंच आहे."

"मंग तिला म्हनावं, लग्नाच्या आदल्या दिशी माझं पाच सागरगोटं घिऊन गेली, त्ये आदी आनून दे."

मी ते जसंच्या तसं सांगितलं. हौसाबाईनं घंगाळावरचा हात काढला, पदर खोचला, आणि फोनकडं बघून ठणकावलं,

"पाच न्हाई. चारच व्हते."