खिशातला प्लग

“थांबा की, मालक!” भवानी पेठेतले आमचे सुतार एवढ्यानं ओरडले, की छपरावरची कबुतरं थेट नातेपुत्याला जाऊन बसली. एरवी हा माणूस वर्षाला सहा शब्द बोलतो, त्यातले चार ‘व्हय’.

नातीचा झोपाळा स्वतःच करायच्या हट्टानं मी त्यांचं कटर मशीन एका हातात धरलं होतं, दुसऱ्या हातात फळी. शिवाय रेघ नीट दिसावी म्हणून पात्यावरचं झाकण सुतळीनं वर बांधलेलं.

त्यांनी प्लग उपटून सवयीनं स्वतःच्या खिशात टाकला, मगच सुतळी कापली. झाकण खटकन पात्यावर बसलं. त्यांची दहाही बोटं जागेवर कशी राहिली, ते मला कळलं.

“म्हणजे झोपाळा राहिलाच,” मी पुटपुटलो.

त्यांनी फळी क्लॅम्पनं आवळली आणि प्लग खिशातच ठेवून मशीन पुढं केलं.

“धरा की. दोन्ही हातांनी.”